आणखी एकच गिटार

‘हौसेला मोल नसते’ ही म्हण आपल्या घराघरांत मोठ्या कौतुकाने वापरली जाते. गणपतीची आरास असो, लेकीच्या लग्नातली पैठणी असो की दिवाळीची खरेदी असो, खर्चाचा आकडा थोडा फुगला की ही म्हण मदतीला धावून येते. हौसेने आयुष्याला चव येते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि काही घरांत एखादी हौस अशी वाढत जाते की, तिचे मोल घरातल्या प्रत्येकाला चुकवावे लागते. कुणाला पैशांत, कुणाला वेळेत, तर कुणाला विश्वासात. एकामागून एक गिटारी विकत घेत राहण्याची अनावर ओढ ही अशा हौसांपैकीच एक होय.

विषय वाचून आपल्याला कदाचित हसू येईल. परंतु चित्र अनेकांच्या परिचयाचे असेल. घरात दोन गिटारी असताना तिसरीची चौकशी सुरू होते. तिसरी आल्यावर ‘आता ही शेवटची’ असे सांगितले जाते आणि सहा महिन्यांत पुठ्ठ्याचा लांबट खोका पुन्हा दारात उभा राहतो. घरातली माणसे आधी थट्टा करतात, मग कुरकुरतात आणि पुढे गप्प होतात. आपल्या घरात वा नात्यात असे कुणी असेल, किंवा ती व्यक्ती आपण स्वतःच असाल, तर या तिन्ही अवस्थांपैकी शेवटच्या अवस्थेकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. कारण माणसे गप्प होतात तेव्हा प्रश्न गिटारींचा राहिलेला नसतो.

थट्टेतून जन्मलेले नाव

गिटारवादकांच्या जगात या ओढीला एक नाव आहे. अमेरिकेतील ‘स्टीली डॅन’ या वाद्यवृंदाचे वॉल्टर बेकर यांनी १९९० च्या दशकात एका गिटारविषयक नियतकालिकात विनोदी लेख लिहिला आणि त्यात ‘गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम’, म्हणजे गिटारी जमवत राहण्याचा विकार, असा शब्दप्रयोग केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचा ‘गॅस’ झाला. पुढे गिटारीच्या जागी ‘गिअर’, म्हणजे एकंदर साधनसामग्री, हा शब्द आला. छायाचित्रकारांनीही तो आपल्या कॅमेऱ्यांसाठी आणि भिंगांसाठी उचलला. २०२१ साली तर याच विषयावर संगीताच्या दोन अभ्यासकांचा स्वतंत्र ग्रंथ इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला.

हे नाव थट्टेचे आहे, वैद्यकीय निदान नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. ज्याच्याकडे पाच गिटारी आहेत तो रुग्ण, असा अर्थ कुणी काढू नये. मात्र थट्टेचा एक धोका असा की, तिच्या पांघरुणाखाली खरे दुखणेही झाकले जाते. ज्याला मदतीची गरज आहे तोही ‘मला गॅस झालाय’ असे म्हणून हसतो, ऐकणारे हसतात आणि विषय तिथेच संपतो.

एक पुरेशी का वाटत नाही?

घरातल्या इतर मंडळींना सगळ्या गिटारी सारख्याच दिसतात. ‘सहा तारा हिलाही आणि सहा तारा तिलाही, मग दुसरी कशाला?’ हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक असला, तरी वादकाच्या बाजूने थोडे सांगण्यासारखे आहे. नायलॉनच्या तारांची शास्त्रीय गिटार आणि पोलादी तारांची अकूस्टिक गिटार यांचा स्वर खरोखरच निराळा असतो. विद्युत गिटारींतही मोठे वैविध्य आहे. फेंडर कंपनीची टेलिकास्टर १९५१ मध्ये या नावाने बाजारात आली, गिब्सन कंपनीची लेस पॉल १९५२ मध्ये आली आणि फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. सत्तर वर्षांनंतरही या तिन्ही गिटारी जगभर विकल्या जातात, कारण तिघींचा आवाज तिन्ही तऱ्हांचा आहे. तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग म्हणजे पिकअप. एका वेटोळ्याच्या पिकअपचा स्वर स्वच्छ आणि धारदार असतो, परंतु तो विजेच्या तारांतून येणारी घरघरही पकडतो. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी अशा रीतीने जोडली की, एकातली घरघर दुसऱ्यातल्या घरघरीने रद्द व्हावी. या ‘हंबकर’चा स्वर अधिक भरदार असतो. वेगवेगळ्या शैलींत वाजवणाऱ्याला दोन-तीन गिटारी लागणे म्हणूनच अवाजवी नाही.

अडचण पुढे सुरू होते. विद्युत गिटार एकटी येत नाही. तिला ॲम्प्लिफायर लागतो, मग आवाजाला निरनिराळे रंग देणारी पेडल्स लागतात, मग त्या पेडल्सना शोभेल अशी दुसरी गिटार हवीशी वाटते. फ्रेंच विचारवंत देनी दिदरो यांनी १७६९ मध्ये आपल्या जुन्या झग्याविषयी एक निबंध लिहिला. नवा उंची झगा अंगावर आला आणि त्याच्या शेजारी खोलीतल्या साऱ्या जुन्या वस्तू गबाळ्या दिसू लागल्या. गवती खुर्ची गेली, मेज गेले, भिंतीवरची चित्रे बदलली, आणि अखेरीस जुन्या झग्याचा मालक असलेला माणूस नव्या झग्याचा गुलाम झाला, अशी त्यांची खंत होती. एका खरेदीच्या पोटातून दुसरी खरेदी जन्मते या प्रकाराला ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ‘दिदरो परिणाम’ असे नाव दिले. गिटारीच्या खोलीत हा परिणाम उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

याहून खोल असे आणखी एक कारण आहे. गिटार शिकणे कष्टाचे काम आहे. पहिल्या काही आठवड्यांत बोटांची अग्रे सोलवटतात. तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा एकदम दाबण्याचा ‘बार कॉर्ड’ येण्याला काहींना महिने लागतात. त्यानंतरही प्रगती अशी थबकते की, रोज वाजवूनही काल आणि आज यांत फरक जाणवत नाही. नेमक्या अशाच दिवसांत नवी गिटार मनात घर करते. ‘मान थोडी अरुंद असती तर बोटे सहज फिरली असती’, ‘अमक्या कलावंताच्या हातात हीच आहे’ असे विचार येऊ लागतात. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण दुसऱ्याला टोचण्यासाठी वापरतो. येथे मात्र माणूस अंगणाला केवळ दोष देत नाही, तर पदरमोड करून नवे अंगण विकत आणतो. सरावाने जी प्रगती वर्षभरात व्हायची, तिचा भास खरेदीने एका संध्याकाळी होतो. नवी गिटार हातात घेतलेला माणूस त्या दिवशी खरोखर अधिक वेळ वाजवतो, म्हणून तो भास त्याला खरा वाटतो. काही आठवड्यांनी तोच बार कॉर्ड त्याच जागी अडतो.

ओढ निराळी, आनंद निराळा

मेंदूविज्ञानाने या अनुभवावर बराच प्रकाश टाकला आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला की मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या पेशी उत्तेजित होत. पुढे रस येण्यापूर्वी ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केल्यावर त्या पेशी खूण दिसताच उत्तेजित होऊ लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाल्यावर त्यांच्यात फारशी हालचाल उरली नाही. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया असल्याचे दाखवले. एखादी वस्तू तीव्रतेने हवीशी वाटते, म्हणजे ती मिळाल्यावर तेवढाच आनंद होईल, असे नाही.

आता गिटारीच्या खरेदीचा क्रम आठवून पाहा. रात्री घर निजल्यावर भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहणे, लाकडांची आणि पिकअपची तुलना करणे, किमती ताडून पाहणे, विक्रेत्याला प्रश्न विचारणे, मागणी नोंदवणे आणि खोका कुठवर आला याचा रोज शोध घेणे. या आठवड्यांत मन तरतरीत असते. खोका उघडण्याच्या क्षणी ही तरतरी शिगेला पोहोचते आणि तेथून ती उतरू लागते. उरलेल्या पोकळीत नवा शोध सुरू होतो. कित्येकांच्या बाबतीत हा शोध हाच खरा छंद झालेला असतो आणि वादन मागे पडलेले असते. आठवड्यात दहा तास गिटारींविषयी पाहण्या-वाचण्यात आणि एक तास वाजवण्यात, असा हिशेब निघाला, तर नाराज होण्यापेक्षा त्याची नोंद घेणे हिताचे.

छंद, संग्रह आणि विकार

सीमारेषा कोठे आखावी? गिटारींच्या संख्येवरून ती आखता येत नाही. ज्याचा व्यवसाय वादनाचा आहे, त्याला दहा लागू शकतात. ज्याला वाद्यांच्या इतिहासात रस आहे तो विचारपूर्वक, ऐपतीत राहून, नोंदी ठेवून संग्रह करतो आणि तो इतरांना अभिमानाने दाखवतो. याउलट दोनच गिटारी असलेल्या माणसाने दुसरी गिटार मुलाच्या शाळेच्या शुल्कातून घेतली असेल, तर प्रश्न गंभीर आहे.

अनावर खरेदी हे मानसिक दुखणे असू शकते, ही जाणीव नवी नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी शंभर वर्षांपूर्वीच तिला ‘ओनिओमेनिया’ असे नाव दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात या विकाराला अद्याप स्वतंत्र स्थान नाही. आवेग-नियंत्रणाच्या इतर विकारांमध्ये त्याचा समावेश होतो. त्याचे प्रमाण मात्र उपेक्षणीय नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण सरासरी ४.९ टक्के आढळले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ते ५.८ टक्के होते आणि स्त्री-पुरुषांतील फरक अगदी किरकोळ होता. हा मुद्दा आपल्या कुटुंबव्यवस्थेत विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. बाईने चौथी साडी घेतली की तिला ‘खर्चिक’ म्हणायचे आणि पुरुषाने चौथी गिटार घेतली की त्याला ‘रसिक’ म्हणायचे, ही आपली जुनी सवय. पुरुषांची अनावर खरेदी छंद, तंत्रज्ञान वा गुंतवणूक अशा भारदस्त नावांखाली लपते आणि म्हणूनच ती उशिरा ओळखली जाते.

पुढील प्रश्न आपण स्वतःला, एकांतात आणि प्रामाणिकपणे विचारावेत.

• गिटारीची किंमत घरात सांगताना ती कमी करून सांगितली जाते का? खोका कार्यालयाच्या पत्त्यावर मागवला जातो का?

• उदासी, एकटेपणा, कामातला अपमान किंवा घरातला वाद यांच्यानंतर खरेदीची ओढ वाढते का?

• ‘आता पुरे’ असे ठरवूनही ते पाळता आलेले नाही, असे वारंवार घडले आहे का?

• घेतलेल्या गिटारींपैकी काही महिनोन्महिने पेटीतून बाहेर आलेल्याच नाहीत, असे आहे का?

• खरेदीसाठी उसनवारी, हप्ते किंवा बचतीला हात लावणे सुरू झाले आहे का?

• खरेदीनंतर आनंदाच्या जागी अपराधीपणा येतो आणि तो शमवण्यासाठी पुन्हा खरेदीचाच आधार घेतला जातो का?

एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु लपवाछपवी, कर्ज आणि वारंवार मोडलेला निश्चय ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर विषय हौसेच्या पलीकडे गेला आहे, असे समजावे.

दोन परिस्थितींत अधिक सावध राहिले पाहिजे. एरवी हिशेबी असणारी व्यक्ती अचानक सढळ हाताने खर्च करू लागली, तिची झोप कमी झाली तरी थकवा नाही, बोलणे भरभर आणि योजना अवाढव्य झाल्या, तर तो उन्मादाचा, म्हणजे द्विध्रुवीय विकाराच्या एका टप्प्याचा संकेत असू शकतो. अशा वेळी विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. दुसरी परिस्थिती ज्येष्ठांची. कंपवाताच्या उपचारांत प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामिनचे कार्य करणारी औषधे दिली जातात. काही रुग्णांत त्यांच्यामुळे जुगाराची, खाण्याची किंवा खरेदीची अनावर ओढ निर्माण होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील ३,०९० कंपवातग्रस्तांच्या अभ्यासात ५.७ टक्के रुग्णांत अनावर खरेदी आढळली. निवृत्तीनंतर आजोबांना एकाएकी गिटारींचा छंद जडला, तर कौतुक जरूर करावे, परंतु ते अशी औषधे घेत असतील, तर त्यांच्या डॉक्टरांच्या कानावरही ही गोष्ट घालावी. औषध आपल्या मनाने बंद करू नये. ते धोक्याचे ठरते.

घराला काय द्यावे लागते

गिटारवादकांमध्ये एक विनोद जगभर सांगितला जातो. वादक म्हणतो, ‘माझी एकच भीती आहे, मी गेल्यावर बायको माझ्या गिटारी मी तिला सांगितलेल्या किमतीला विकून टाकेल.’ विनोद चतुर आहे, परंतु त्यातली पत्नी क्षणभर आपल्या डोळ्यांसमोर आणावी. वर्षानुवर्षे तिला खोटे आकडे सांगितले गेले आहेत आणि हे तिच्याखेरीज सर्वांना माहीत आहे.

पैशाचा हिशेब सरळ आहे. समजा, साठ हजारांची गिटार क्रेडिट कार्डावर घेतली आणि रक्कम मुदतीत भरली नाही. अनेक कार्डांवर व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या घरात असते. या दराने पहिल्याच महिन्याचे व्याज २,१०० रुपये होते आणि वर्षाचा दर ४२ टक्क्यांवर जातो. ‘बिनव्याजी हप्ता’ असला, तरी तीन वस्तूंचे तीन हप्ते एकत्र आले की पगाराचा मोठा भाग महिना सुरू होण्याआधीच बांधला जातो. ‘विकली तर पैसे परत येतील’ हे समर्थनही तपासून पाहावे. संग्राह्य ठरलेल्या मोजक्या जुन्या गिटारींची किंमत वाढते. बाजारात नव्याने घेतलेली सर्वसाधारण गिटार दुकानाबाहेर पडताच वापरलेली ठरते.

विश्वासाचा हिशेब अधिक अवघड आहे. जोडीदाराला दुखावणारी गोष्ट बहुधा खर्चाची नसते. ‘हे माझ्यापासून लपवावेसे का वाटले?’ हा प्रश्न मनात घर करतो. मुलेही पाहत असतात. मन खट्टू झाले की काहीतरी मागवायचे आणि आईला किंवा बाबांना सांगायचे नाही, हा धडा कुणी शिकवला नाही, तरी ती शिकतात.

आपल्याला काय करता येईल?

ओढ अजून हाताबाहेर गेलेली नसेल, तर घरच्या घरी करण्याजोगे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट म्हणजे घरात असलेली गिटार नीट करून घ्यावी. पुष्कळदा नवीची ओढ जुनीच्या कुरबुरींतून येते. तारा मानेपासून फार उंच असल्या की बोटे दुखतात, जुन्या तारा गंजल्या की आवाज मंदावतो. गिटार निर्माते साधारणपणे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सुचवतात. आपल्याकडे मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते, त्यामुळे लाकूड फुगते आणि मान वाकते. जाणकार कारागिराकडून मानेतील सळईचा ताण, तारांची उंची आणि स्वरांचा मेळ जुळवून घेतला आणि नव्या तारा चढवल्या, तर तीच गिटार ओळखू येणार नाही इतकी सुधारते. पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. सात गिटारी असतील, तर दर पावसाळ्यात ही निगा सात वेळा करावी लागेल, हेही या निमित्ताने ध्यानात येते.

दुसरी गोष्ट, इच्छा दडपण्याऐवजी ती लिहून ठेवावी. वहीत तारीख, गिटारीचे नाव, किंमत आणि ‘ती आज का हवीशी वाटते’ हे लिहावे व तीस दिवस थांबावे. त्या दिवशी काय घडले होते, मन कसे होते, याचीही एक ओळ असावी. चार-सहा नोंदी झाल्या की, आपली ओढ कोणत्या दुःखाच्या पाठोपाठ येते, हे आपल्याच अक्षरात वाचायला मिळते.

तिसरी गोष्ट, वाट थोडी खडतर करावी. खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेला कार्डाचा तपशील पुसून टाकावा, किंमत उतरल्याच्या सूचना बंद कराव्यात, रात्री दहानंतर पाहणी करू नये. अनावर ओढीची लाट बहुधा काही वेळाने ओसरते. मधे पाच मिनिटांचा अडथळा असला तरी पुष्कळ काम होते.

चौथी गोष्ट, ओढीला वादनाकडे वळवावे. रोज पंधरा मिनिटे पुरेत. एखाद्या गुरूकडे जावे, चार मित्रांबरोबर वाजवावे, वेगळा स्वर हवा असेल, तर महिनाभर गिटार उसनी आणावी किंवा अदलाबदल करावी. ‘ही तीन गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवता आल्यावरच पुढचा विचार’ अशी अट अनेकांना मानवते. नवी येण्यापूर्वी एक जुनी कुणा होतकरू मुलाच्या हाती जावी, हा नियमही चांगला.

कुटुंबीयांसाठी दोन शब्द. चारचौघांत टोमणे मारू नयेत आणि माघारी गिटार विकून टाकू नये. दोन्हींनी लपवाछपवी वाढते. खर्चाविषयी बोलायचे, तर खोका आल्याच्या रात्री न बोलता शांत वेळ पाहून बोलावे. दोघांनी बसून हौसेसाठी दरमहा ठरावीक रक्कम निश्चित करावी आणि तेवढीच रक्कम दुसऱ्याच्या हौसेसाठीही ठेवावी. ‘किती घालवले?’ या प्रश्नाच्या जोडीला कधीतरी ‘आज काय वाजवलेस? ऐकव ना’ असेही विचारावे. ज्याला ऐकणारे कुणी असते, त्याला नव्या खोक्याची गरज कमी भासते.

एवढे करूनही ताबा राहत नसेल, कर्ज वाढत असेल, किंवा निराशा व स्वतःविषयीची घृणा मनात ठाण मांडून बसली असेल, तर तज्ज्ञांची मदत घेण्यात कमीपणा मानू नये. या विकारावर एखादे हमखास औषध नाही. मात्र विचार व वर्तन यांची साखळी ओळखून ती बदलायला शिकवणाऱ्या संज्ञानात्मक वर्तन उपचारांचा उपयोग होत असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. सोबत नैराश्य वा चिंताविकार असल्यास त्यावरील औषधोपचारानेही पुष्कळ फरक पडतो. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

सहा गिटारींची एक

ज्यांच्याकडे पाहून जगाला गिटारींची भुरळ पडली, त्यांपैकी काहींचा अनुभव उद्बोधक आहे. अमेरिकी गायक विली नेल्सन यांनी १९६९ मध्ये घेतलेली नायलॉन तारांची एक गिटार पन्नासहून अधिक वर्षे वाजवली. तिच्या लाकडाला वाजवून वाजवून भोक पडले, तरी ती सुटली नाही. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. याच वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये, किशोरवयात, वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून आणि विणकामाच्या सुईसारख्या घरगुती वस्तूंतून आपली गिटार बनवायला घेतली. हवी तशी गिटार विकत घेण्याइतके पैसे तेव्हा नव्हते. २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून त्यांनी वाजवली ती हीच गिटार.

एरिक क्लॅप्टन यांची हकिगत तर आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. १९७० मध्ये त्यांनी अमेरिकेतील नॅशव्हिल येथे जुन्या सहा स्ट्रॅटोकास्टर एकदम विकत घेतल्या. तीन त्यांनी मित्रांना देऊन टाकल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून एक गिटार तयार केली. ‘ब्लॅकी’ नावाने ती ओळखली गेली आणि अनेक वर्षे हीच त्यांची मुख्य गिटार राहिली. क्लॅप्टन यांनी अंमली पदार्थ आणि मद्य यांचे व्यसन स्वतः भोगले व सोडले आहे. १९९८ मध्ये त्यांनी कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र उभारले. त्याच्या निधीसाठी १९९९ मध्ये त्यांनी आपल्या शंभर गिटारी लिलावात काढल्या आणि त्यातून पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. २००४ मध्ये ‘ब्लॅकी’ही त्याच कारणासाठी ९,५९,५०० डॉलरना विकली गेली.

इतक्या मोठ्या दानाची अपेक्षा आपल्यापैकी कुणाकडून नाही. परंतु आज संध्याकाळी एक गोष्ट सहज करता येईल. घरातली सर्वांत जुनी गिटार पेटीतून काढावी, पुसावी, तारा जुळवाव्यात आणि घरातल्या माणसांसमोर बसून, चुकत माकत का होईना, एक गाणे पूर्ण वाजवावे. त्यानंतरही नवी गिटार हवीशी वाटली, तर तिची किंमत पहिल्यांदा त्याच माणसांना सांगावी, खरी किंमत.